जास्तीचे वेढे

दहिसर,
२८ जानेवारी २०२५

रश्मी,
जयभीम.

खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. त्या ऋतिकाच्या बेस गिटारमध्ये तू काय घातलंयस?

परवा सव्वीस जानेवारीला मुलुंडला कार्यक्रम होता. मी सहज गेलो होतो. म्हणजे सहज नाही, ती वाजवणार हे माहीत होतं म्हणूनच गेलो, तुझ्याशी काय खोटं बोलायचं. ऋतिका परब. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये माझ्यासमोर मांडी घालून बसायची. बेसच्या चार तारा कुठल्या सुरात लावायच्या हे तिला मी शिकवलं. आता ती स्टेजच्या कडेला उभी राहते आणि लोक गाणाऱ्याला सोडून तिच्याकडे बघतात.

आणि तिचा आवाज गं! खालचा सूर पायाखालच्या जमिनीतून येतो, तरी बोट तारेला लागलेलं स्वच्छ ऐकू येतं. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं दणक्यात चालू असताना तिचा एकही सूर कुणाखाली झाकला जात नाही. माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा आहे, कुणालाही विचार. पण तो गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मी तिथे उभ्या उभ्या जळलो रश्मी. टाळ्या वाजवायला हात वर आला नाही.

वर हे ऐक. घरी येऊन मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावला होता. आईचा मोतीबिंदू आता इतका पिकलाय की मोबाइल म्हणजे तिला नुसता उजेड दिसतो. मेथी निवडता निवडता म्हणते, "किरण, हे तुझंच ना रे? किती दिवसांनी लावलंस." मी म्हटलं, "आई, डोळे गेले ते गेले, आता कानही गेले का तुझे?" दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

चौकशी केली तर कळलं, ऋतिकाच्या गिटारचा पिकअप, तो तारांखालचा काळा तुकडा, घाटकोपरच्या पगारे मोटर रिवाइंडिंगमधून आलाय. म्हणजे तुझ्याकडून. माझ्या मावसबहिणीकडून!

भीमराजदादा जयंतीच्या कार्यक्रमासाठी ग्रुप ठरवतायत. अठरा वर्षं त्या स्टेजवर बेस मी वाजवतोय. यंदा म्हणाले, "किरण, एकदा दोघांचं ऐकून बघू या." दोघांचं! मला पिकअप पाहिजे. तिच्यासारखा नको, तिच्याहून भारी.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितोय.

किरणदादा


घाटकोपर,
२ फेब्रुवारी

किरणदादा,
जयभीम.

फोन उचलत नाही, कारण वाइंडिंग चालू असताना फोन वाजला की वेढे मोजायचे चुकतात. आणि तू फोनवर ओरडतोस. पत्रच बरं. पत्रात ओरडलास तर घडी घालून ठेवता येतं.

गिऱ्हाइकाच्या गिटारमध्ये काय आहे ते मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत नाही. उद्या कुणी येऊन किरण धिवारच्या गिटारमध्ये काय आहे विचारलं, तर सांगू का? (कुणी विचारत नाही, ते सोड.)

तुझ्या गिटारमध्ये काय आहे ते मात्र तुला सांगते, कारण तू विसरलेला दिसतोस. चुंबकाच्या कांड्या, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची वायर. वर तार हलली की वायरमध्ये इवलासा करंट तयार होतो आणि अॅम्प्लिफायर त्यालाच मोठा करतो. सगळी जादू एवढीच. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, हे खरं. पण त्याबरोबर वरची धार जाते. जास्त वेढ्यांच्या कॉइलमधून ती बाहेरच पडत नाही. उरतो तो मोठा आणि मठ्ठ आवाज.

तुझ्यासारख्या पिकअपला साधारण दहा हजार वेढे देतात. तुझ्यात बारा हजारांच्या वर आहेत. का आहेत? तू आमच्या दुकानात उभा राहून म्हणालास, "भर रश्मी, आणखी भर, ढोलताशात दबता कामा नये." बाबा म्हणाले, "किरण, आवाज मठ्ठ होईल रे." तर तू म्हणालास, "काका, तुम्ही पंखे भरता, बेसचं मला कळतं." बाबा हसले आणि चहा मागवायला गेले. मी भरला.

तेव्हा आता ते जास्तीचे वेढे उतरवू या. पिकअप काढून कुरिअरने पाठव. स्टीलच्या डब्यात पाठवू नकोस. मागच्या वेळी चुंबक झाकणाला चिकटून बसला आणि ओढताना वायर तुटता तुटता वाचली. शिवाय मावशीच्या सुकटीच्या चटणीचा वास आठवडाभर दुकानात होता. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची मोटर घ्यायला आले ते नाक धरून उभे होते.

ऋतिका चांगली मुलगी आहे. यापलीकडे काही सांगणार नाही.

रश्मी


दहिसर,
९ फेब्रुवारी

रश्मी,

उतरवू या? मी तुझ्याकडे तिच्याहून भारी मागतो आणि तू माझं आहे तेही कमी करायला निघालीस! तिच्यासमोर मी कमी वेढ्यांचा पिकअप घेऊन उभा राहू?

आणि "ऋतिका चांगली मुलगी आहे" हे लिहायची काय गरज होती? ती वाईट आहे असं मी म्हटलंय का? तिचे सगळे व्हिडिओ मी बघितलेत, काही तर दोनदोनदा. खाली लोक बदाम टाकतात. एकाने मात्र लिहिलंय, "ट्यूनिंग बघा." एक जण तरी खरं बोलला.

तू सांगत नाहीस तर नको सांगूस. खेळ चुंबकाचा आहे हे मला कळलंय. आमचा कीबोर्डवाला विकी म्हणाला, जितका चुंबक तगडा तितका आवाज खुलतो. मी लॅमिंग्टन रोडवरून जाड काळी पट्टी आणली, स्पीकरच्या मागे असतो त्या जातीच्या चुंबकाची. पिकअपच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड पट्टी चिकटवली आणि पिकअप तारांच्या इतका जवळ उचलला की मध्ये नखही जाऊ नये. घरी वाजवून बघितलं. जाड तारांनी आईच्या मांडणीवरची भांडी थरथरली. झकास!

रविवारी भांडुपला हळद आहे. तिथे लोकांना कळेल बेस काय असतो.

किरणदादा


घाटकोपर,
२० फेब्रुवारी

किरणदादा,
जयभीम.

हळदीचा व्हिडिओ बघितला. नवरदेव नाचत होता म्हणून बरं, त्याला ऐकायला सवड नव्हती.

तुझ्या दोन जाड तारा ढणढणत होत्या आणि दोन बारीक तारा घरी गेल्या होत्या. का, ते सांगू? तुझा पिकअप एक तुकडा नाही, दोन अर्धे आहेत, एक जाड तारांखाली, दुसरा बारीक तारांखाली. एका अर्ध्याच्या चुंबकाचं उत्तर टोक वर असतं, दुसऱ्याचं दक्षिण. वेढेही एकमेकांना उलटे. असं केलं की दोघांच्या आवाजाची बेरीज होते आणि ट्यूबलाइटची, वायरिंगची गुणगुण एकमेकांत वजा होते. तू खाली एकच अखंड पट्टी लावलीस. ती एका अर्ध्याला जोर देते आणि दुसऱ्याच्या विरुद्ध उभी राहते. अर्ध्याला शिरा वाढलास आणि अर्ध्याच्या पुढचं ताट काढून घेतलंस.

बरं, ज्याला जोर मिळाला त्याचं तरी भलं झालं का? दांडीवर वरच्या सुरांना गेलास की सूर हलत होता, एकाच सुरात दोन सूर डुलत होते. तारा ट्यून करून उपयोग नाही. चुंबक लोखंडी तारेला ओढतो. तगडा चुंबक इतक्या जवळ आणलास की तो तिला धरूनच ठेवतो, ती मोकळी हलत नाही. सूर बेसूर होतो आणि लवकर मरतो.

पट्टी काढ आणि पिकअप खाली घे. पट्टी तू काढूच नकोस खरं तर, गिटारच पाठवून दे. तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर बघितला की मला धडकी भरते.

आणि ते "ट्यूनिंग बघा" लिहिणारं कुणीतरी. त्या खात्याला फोटो नाही, पण नाव 'दहिसर_किंग_बेस' आहे. मी काही म्हणत नाही.

रश्मी


दहिसर,
३ मार्च

रश्मी,

काल तालमीत भीमराजदादांनी मला सगळ्यांसमोर तीनदा थांबवलं. "किरण, ट्यूनिंग कर." मी करतोय, मशीन बरोबर दाखवतंय, पुन्हा वर गेलं की तेच. ढोलकीवाला खाली बघून हसत होता. अठरा वर्षांत मला कुणी ट्यूनिंग कर म्हणालं नव्हतं.

घरी येऊन पट्टी उपटली. स्क्रूड्रायव्हर घसरला. आता काहीच वाजत नाही. तुझी केसासारखी वायर कुठेतरी तुटली असणार. म्हण आता, सांगितलं होतं म्हण.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आई मावशीशी फोनवर बोलत होती तेव्हा कळलं की ऋतिका दर शनिवारी तुमच्याकडे येते. जेवते. काकांच्या खुर्चीत बसून वायरची बॉबिन धरते आणि तू तिला शिकवतेस. मावशी तिच्यासाठी बोंबील राखून ठेवते! आम्ही लहानपणी दहिसरहून यायचो तेव्हा त्या खुर्चीत मी बसायचो. पंख्याची कॉइल भरायचं मशीन मी फिरवायचो आणि तू मोजायचीस. आता तुझ्याकडे येऊन बसायला मला निमित्त लागतं, तिला नाही लागत.

तिला स्टेज दे, टाळ्या दे, माझी जागाही जाऊ दे. पण ती तुला ताई म्हणते आणि तू तिला चांगला आवाज दिलास, आणि मला, सख्ख्या मावसभावाला, गोधडी. हे मला सहन होत नाही. लाज वाटते लिहायला, पण नाही होत.

किरण


घाटकोपर,
७ मार्च

किरणदादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुकानात वाचायला नको होतं.

मी नियम मोडते आहे. गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नाही म्हटलं होतं, पण हे तुझंच आहे.

मी बारावीत असताना पहिला पिकअप भरला, आठवतोय? त्या पंख्याच्या हाताच्या मशीनवर. तू मशीन फिरवलंस, मी वायर धरली. माझा हात बसलेला नव्हता, वायर कुठे दाट बसली, कुठे विरळ. साडेआठ हजारांच्या पुढे गेलो आणि वायर तुटली. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, असू दे तेवढेच, वाजतोय का बघा. चुंबकाच्या कांड्याही बाबांनी जुन्या बाजारातून आणलेल्या, जोर उतरलेल्या. तू तो कितीतरी वर्षं वाजवलास. मग ग्रुपमध्ये मोठे स्पीकर आले, बाजूला ढोलताशे आले, आणि तू तो काढून माझ्या टेबलावर टाकलास. म्हणालास, "याचा दम गेला, भंगारात टाक, नवा भर."

मी टाकला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन वर्षांपूर्वी ऋतिका आली, तिच्या स्वस्तातल्या गिटारचा पिकअप फडतूस होता. मी तिला तीन वाजवून दाखवले, दोन नवे आणि हा. हा लावला आणि ती म्हणाली, "हाच द्या ताई." मी कुणाचा ते बोलले नाही, तिने विचारलं नाही.

त्यात कमी वेढे आहेत म्हणून धार शिल्लक आहे. मी वायर वेडीवाकडी भरली म्हणून थरांमध्ये हवा राहिली, त्यानेही वरचा आवाज मोकळा होतो. चुंबक उतरलेले आहेत म्हणून ते तारेला ओढत नाहीत. मला येत नव्हतं म्हणून तो चांगला झाला, हे मला अजून पचत नाही.

म्हणजे दीड महिना तू ज्या आवाजावर जळतोयस तो तुझाच आहे. मावशीचे कान शाबूत आहेत. तिची माफी माग आधी.

आता बोल. त्याच मापाचा नवा भरून देते. हाताने भरलेले दोन एकसारखे होत नाहीत, पण तो तुझा होईल. किंवा जुनाच हवा असेल तर तसं लिही, मी तिच्याकडून मागून घेईन. मला ते करायला आवडणार नाही. पण तू माझा भाऊ आहेस. विचार करून लिही.

रश्मी

ता. क. बोंबील माझ्या आईच्या भाच्यालाही मिळतात, पण त्यासाठी यावं लागतं.


दहिसर,
९ मार्च

रश्मी,

विचार केला. जुनाच हवा. माझा आहे तो.

गिटार कुरिअरने पाठवतोय. तूच बसवून दे.

किरण


घाटकोपर,
२२ मार्च

किरणदादा,

बसवलाय. तारांपासून योग्य अंतरावर आहे, हात लावू नकोस.

मागच्या शनिवारी ऋतिका आली तेव्हा मी कसं सांगायचं याची तयारी करत होते. म्हटलं, "तो पिकअप मला परत हवाय गं, दुसरा देते." तिने हातातली बॉबिन खाली ठेवली. मग म्हणाली, "सरांना हवाय का?"

मी तुझं नाव घेतलं नव्हतं. दोन वर्षांत कधीच घेतलं नव्हतं.

तिने स्वतः तारा ढिल्या केल्या, स्वतः काढून दिला. नवा लगेच भरून देते म्हटलं तर म्हणाली, घाई नको ताई, सध्या गिटारसोबत आलेला कंपनीचा जुनाच लावते. जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाही. आई विचारत होती, काय बोललीस तिला?

ती गेल्यावर पिकअप बसवायला उलटा केला तेव्हा मला कळलं तिला कसं माहीत ते. मी लिहिणार नाही. चार स्क्रू आहेत. काढ आणि मागे बघ.

रश्मी


दहिसर,
३१ मार्च

रश्मी,

जयभीम! काल भीमराजदादांनी दोघांचं ऐकलं. ती आधी वाजवून गेली. आवाज पातळ, खरखरीत, खालचा सूर येतच नव्हता. चुकली मात्र कुठे नाही, ते कबूल करतो. मग मी. पहिल्या गाण्यालाच दादांनी मान डोलावली. म्हणाले, "आला रे आला, जुना किरण आला." जयंतीला बेस मी वाजवणार.

ती जाताना पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. आपल्यात पाया पडत नाहीत, असं म्हणालो. खरं कारण ते नव्हतं.

स्क्रू काढले नाहीत. नीट वाजतंय ते कशाला खोला? तूच म्हणालीस, हात लावू नकोस.

आनंद झालाय. खूप झालाय. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

किरणदादा


घाटकोपर,
३ एप्रिल

किरणदादा,

अभिनंदन. स्क्रू काढलेस का?

रश्मी


दहिसर,
६ एप्रिल

रश्मी,

काढले.

बाविसाव्या वर्षी मी पिकअपच्या मागच्या बाजूला कर्कटकाने नाव कोरलं होतं, विसरून गेलो होतो. 'किरण धिवार, दहिसर'. वाकडंतिकडं, घाईत कोरलेलं. इतक्या वर्षांत ते घासून जायला हवं होतं. गेलं नाही. कारण कुणीतरी एकेका अक्षरात चंदेरी नेलपॉलिश भरलंय. वेलांटी, काना काही सोडलेलं नाही. 'धि'ची वेलांटी मी अर्धवट कोरली होती, ती तिने पूर्ण केली आहे.

म्हणजे ती दोन वर्षं माझं नाव आत ठेवून वाजवत होती. आणि मी तिच्या व्हिडिओखाली खोट्या नावाने लिहीत होतो. खातं मी बंद केलंय, तू विचारायच्या आधी सांगतो.

काल तिला फोन केला. म्हटलं, "तुला माहीत होतं तर कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "सर, तुम्ही तो काढून टाकला होता. मला वाटलं तुम्हाला आवाजाचा राग आलाय." मग म्हणाली, "मी विहारात पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही हाच वाजवत होता. मला तसाच आवाज हवा होता." मी तिला जेवलीस का, असं विचारलं आणि फोन ठेवला.

पिकअप या पत्रासोबत आहे, प्लास्टिकच्या डब्यात. तिच्या गिटारमध्ये बसव. भीमराजदादांना सांगितलंय, जयंतीला बेस ऋतिका वाजवेल. ते म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हटलं, आत्ताच आलंय, जास्त वेळ राहील याची खात्री नाही, लगेच नाव लिहून घ्या.

मोठं मन वगैरे काही समजू नकोस. डबा दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. लवकर पोचव.

किरण


दहिसर,
१६ एप्रिल

रश्मी,
जयभीम.

कार्यक्रमभर तू स्टेजमागे वायरींशी झटत होतीस, त्यामुळे पुढे काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून लिहितोय. फोनवर मला बोलता येणार नाही.

आधी कामाचं. माझ्या गिटारमध्ये आता नुसता खड्डा आहे. नवा भर. वेढे दहा हजारांच्या आतच ठेव, चुंबक तुला पटेल तो. शनिवारी मी स्वतः येतो, मशीन मी फिरवीन. ती खुर्चीत बसली असेल तर बसू दे, मी स्टुलावर बसेन. बोंबील मात्र मोजून अर्धे-अर्धे, हे मावशीला सांगून ठेव.

आता ते. मी वाजवणार नाही हे आईला सांगितलंच नव्हतं. धीरच झाला नाही. दरवर्षीसारखा पांढरा शर्ट घातला, खड्डा पडलेली गिटार बॅगेत घालून खांद्याला लावली. शेजारच्या वसुधाताई आईला हात धरून घेऊन आल्या आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. मी स्टेजकडे जातो म्हणून निघालो आणि वळसा घालून आईच्या बरोबर मागच्या खुर्चीवर येऊन बसलो. बॅग मांडीवर.

भीमराजदादांनी वंदना म्हटली. मग पहिलं गाणं. ढोलकी सुरू झाली, आणि मग बेस आला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तिच्या हातातून गिटार ओढून घ्यावीशी वाटली. दोन्ही एकदमच.

आईने मान वर केली. तिला स्टेज म्हणजे नुसता निळा उजेड दिसत असणार. तिने वसुधाताईंचं मनगट घट्ट धरलं आणि आजूबाजूच्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ऐक, ऐक. आला बघ माझा किरण."

वसुधाताईंनी चमकून मागे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या पुन्हा स्टेजकडे वळल्या आणि आईला म्हणाल्या, "हो हो, आला."

किरण